न उचलायचा फोन

आमच्या कंपनीतल्या चौसष्ट मोबाइलचं नेटवर्क मी एका रविवारी बदललं. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या आमच्या कारखान्यात अल्युमिनियमच्या दारा-खिडक्यांचे भाग बनतात आणि रंगवले जातात. तिथं मी ॲडमिन बघते. सिमकार्ड, व्हिसा, खोल्या, बस, मेडिकल कार्ड, म्हणजे माणसांना लागणारं पण कारखान्यात न बनणारं सगळं माझ्याकडे येतं. नव्या नेटवर्कचा करार स्वस्त होता आणि भारतात बोलायची मिनिटंही जास्त होती. काम एका दिवसात उरकायचं ठरलं आणि उरकलं.

याद्या करायची मला सवय आहे. त्या कामाची यादी बारा रकान्यांची होती. नाव, खोली, जुना नंबर, नवा नंबर की जुनाच ठेवायचा, सिमचा मोठा आकार की छोटा, इंटरनेट चालू, परदेशी कॉल चालू, सही, असं. नव्या नेटवर्कचं एक सिम मी स्वतःच्या फोनात घालून आधी सगळं तपासलं होतं. फोन लागतो का, मेसेज येतो का, फोन बंद असताना कोणी केला तर चालू केल्यावर कळतं का. सगळं झालं. बारा रकान्यांत टिक केल्या आणि सोमवारी मॅनेजरला कळवलं, खलास.

फोन बंद असताना आलेला कॉल नंतर कळणं आमच्याकडे महत्त्वाचं आहे. पावडर कोटिंगच्या विभागात, जिथं भट्टीत रंग भाजला जातो, तिथं फोन न्यायला बंदी आहे. सकाळी सहाला पाळी सुरू होताना प्रत्येकानं फोन बंद करून गेटजवळच्या लॉकरमध्ये ठेवायचा. दहाच्या चहाला पंधरा मिनिटं मिळतात. तेव्हा लॉकरच्या रांगेपुढं सगळे माना खाली घालून उभे असतात. फोन चालू झाला की जुन्या नेटवर्ककडून एक मेसेज यायचा, तुमचा फोन बंद असताना अमुक नंबरवरून इतके कॉल आले.

हा मेसेज म्हणजे निरोपच, हे मला पंधरा वर्षं इथं काम करून माहीत नव्हतं. कळलं ते एका माणसामुळे.

तो भट्टीवर काम करायचा. सिंधुदुर्गातला, पन्नाशीचा, माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठा असेल. अबोल नव्हता, पण ऑफिसात आला की कमी बोलायचा. आमच्या इथली बहुतेक माणसं ऑफिसच्या दारात चपला काढून येतात. कितीही सांगा. तो तसाच यायचा, आणि बसा म्हटलं तरी बसायचा नाही. बायको नव्हती, मूलबाळ नव्हतं. लग्न झालेली बहीण तालुक्याच्या गावी आणि आई गावातल्या घरात एकटी. बहिणीनं कितीदा बोलावलं तरी आई घर सोडून जात नव्हती.

आई आणि मुलानं एक सोय करून घेतली होती. रोज सकाळी साडेसातला, आंघोळ, देवपूजा आणि चहा झाला की आईनं त्याच्या फोनवर एक कॉल करायचा. इथं तेव्हा सहा वाजलेले असतात, फोन लॉकरमध्ये बंद असतो. आईला नेटवर्कची बाई दोन भाषांत काहीतरी सांगायची आणि फोन आपोआप बंद व्हायचा. पैसे लागायचे नाहीत. दहा वाजता याला मेसेज दिसायचा, आईच्या नंबरवरून एक कॉल. त्याचा अर्थ, आई उठली, हातीपायी धड आहे, चहा पिऊन झालाय. रविवारी सुट्टी असली तरी तो सकाळी अर्धा तास फोन बंद ठेवायचा, आईला चुकून उचलला गेल्याचा भुर्दंड नको म्हणून. मेसेज आला नाही तर शेजारच्या वहिनींना फोन करायचा, त्या जाऊन बघून यायच्या. अकरा वर्षांत असं चार-पाच वेळाच झालं होतं, आणि दर वेळी कारण वीज नव्हती, फोन चार्ज नव्हता, असलंच काहीतरी होतं.

व्हिडिओवर का बोलत नाही, असं मी त्याला नंतर विचारलं होतं. आईकडे बटणांचा फोन, आणि इंटरनेटवरून बोलायला इथं बंदी, त्याची कटकट. शिवाय तो म्हणाला, रोज बोलायला काय असतं. ती उठली एवढं कळलं की माझा दिवस सुरू.

सोमवारी दहाला त्यानं फोन चालू केला. मेसेज नाही. वहिनींना फोन केला. त्या गेल्या, आई अंगणात आमसुलं वाळत घालत होती. तिनं उलट यालाच दटावलं, मी केला होता फोन, तुझ्या फोनात कोण नवी बाई आहे? मंगळवारीही तेच. बुधवारी वहिनी वैतागल्या. त्यांचं बोलणं त्यानं मला त्यांच्याच भाषेत सांगितलं होतं.

“तुझी आवस माझ्या आधी उठता. मी काय रोज तिची हजेरी घेत बसू?”

बुधवारीच चहाच्या वेळेत तो माझ्याकडे आला. आईची रिंग दिसत नाही, म्हणाला. मी विचारलं, आई बरी आहे ना? बरी आहे, शेजारी विचारलं. मग मी वही ओढली, यादीतला त्याचा क्रमांक घातला आणि लिहिलं, “एकतीस. बंद फोनवरचे कॉल कळत नाहीत. भट्टी.” त्याला म्हटलं, होईल, काळजी करू नका. त्यानं मान हलवली आणि गेला.

माझी कामाची एक पद्धत आहे, ती इथं सांगितली पाहिजे. तक्रारी मी एकेक पाठवत नाही. नेटवर्ककडे, खोल्यांच्या मालकाकडे, बसवाल्याकडे, कुणाकडेही एकेक तक्रार पाठवली की ती हरवते. आठवडाभर गोळा करायच्या, क्रम लावायचा आणि एकदम पाठवायच्या. मग समोरच्यालाही एकदाच बसावं लागतं आणि मलाही एकदाच पाठपुरावा करावा लागतो. या पद्धतीनं माझी पुष्कळ कामं झाली आहेत. एकतीस नंबरला मी खालचा क्रम दिला. वर होते ज्यांचे फोन मुळीच लागत नव्हते ते सहा जण, आणि ज्यांचं इंटरनेट बंद होतं ते. ज्याचा फोन लागतो, इंटरनेट चालतं आणि आई बरी आहे, त्याचं काम पुढच्या मंगळवारी चालेल असं मला वाटलं. आजही कागदावर तो क्रम बरोबरच दिसतो.

पुढच्या सोमवारी सकाळी त्याची आई न्हाणीत घसरून पडली.

साडेसातच्या आधीचीच वेळ. त्या सोमवारी दहाला त्यानं फोन चालू केला, मेसेज नव्हता, आणि तो परत भट्टीवर गेला. गेला आठवडाभर मेसेज नव्हताच. वहिनी तिकडच्या बाराच्या सुमारास आमसुलं गोळा करायला अंगणात आल्या, कारण आभाळ भरून आलं होतं, तेव्हा त्यांना आतून आवाज ऐकू आला. आई साडेचार तास ओल्या फरशीवर होती. खुब्याचं हाड मोडलं होतं.

मला हे कळलं दुपारी एकला. जेवणाच्या सुट्टीत त्यानं फोन चालू केल्यावर वहिनींचा फोन लागला होता, आणि सुपरवायझर त्याला घेऊन ऑफिसात आला. त्या वेळी तो पहिल्यांदा न सांगता खुर्चीवर बसला. मी पासपोर्ट काढला, रजेचा फॉर्म भरला, मॅनेजरची सही घेतली, गोव्याचं रात्रीचं विमान मिळालं त्याचं तिकीट काढलं, बसऐवजी गाडी सांगितली. तीन तासांत तो विमानतळाच्या वाटेवर होता. अशा वेळी काय करायचं ते मला येतं. जाताना तो यंत्रासारखा म्हणाला, थँक्यू मॅडम.

मंगळवारी सकाळी, ठरल्याप्रमाणे, मी तक्रारींची यादी नेटवर्कला पाठवली. एकतीस नंबर मात्र मी यादीतून काढून फोनवर घेतला. चाळीस मिनिटं वाट बघितल्यावर एक मुलगी बोलली. तिनं नंबर विचारला आणि लगेच म्हणाली, या नंबरवर व्हॉइसमेल चालू आहे. व्हॉइसमेल चालू असलं की मिस्ड कॉलचा मेसेज जात नाही. दोन्हीपैकी एकच मिळतं. मी म्हटलं, माझ्या नंबरवर तर मेसेज येतो. तिनं माझा नंबर बघितला. तो नवा नंबर आहे, नव्यांवर व्हॉइसमेल बंद असतं. दुसऱ्या नेटवर्कवरून आणलेल्या जुन्या नंबरांवर ते आपोआप चालू होतं. का, ते तिला माहीत नव्हतं. बंद करायचं असेल तर फोनवर एक कोड दाबायचा, म्हणाली. चांदण्या, आकडे, चौकट. कोड तिनं सांगितला, मी लिहून घेतला, कॉल संपला.

चौसष्टपैकी तेवीस जणांनी जुने नंबर ठेवले होते. त्यात तो होता, कारण आईला तोच नंबर पाठ होता. मी तपासला होता फक्त स्वतःचा, नवा.

मग मी विचारलेल्या गोष्टींपेक्षा न विचारलेल्या गोष्टींच्या मागं लागले. त्या संध्याकाळी घरी जेवणाच्या टेबलावर तीन फोन मांडले. नवऱ्याचा एका नेटवर्कचा, माझा दुसऱ्या, मुलीचा तिसऱ्या कंपनीचा. मी एकेक बंद करत होते आणि दुसऱ्यावरून त्याला लावत होते. एकावर दोन भाषांत सूचना ऐकू आली आणि फोन आपोआप तुटला. दुसऱ्यावर सूचना नाहीच, नुसता टूं टूं. तिसऱ्यावर बाई बोलली, मग एक लांब सूर वाजला आणि शांतता. ती शांतता म्हणजे बोला, तुमचं ऐकतोय. मी काहीच बोलले नाही तरी ती मिनिटभर तशीच चालू राहिली. मग तिन्हींवर व्हॉइसमेल चालू करून निरोप ठेवले. एकावर मेसेज आला, एकावर नुसतं छोटं चित्र आलं, एकावर काहीच आलं नाही, कारण तिथं आधी पासवर्ड ठरवायला लागतो. पासवर्ड न ठरवलेल्या पेटीत बोललेलं कुठं जातं, हेही मी दुसऱ्या दिवशी नेटवर्कच्या त्या मुलीला विचारलं. कुठंच जात नाही, मॅम, साठत नाही. पण करणाऱ्याला कॉल लागलेला दिसतो का? हो. आणि त्याचे पैसे जातात का? त्याच्या देशातल्या कंपनीकडून जात असतील, म्हणाली.

माझी मुलगी हा खेळ बघत होती. “ममा, हू इव्हन युझेस व्हॉइसमेल?” एवढं म्हणून तिनं आपला फोन उचलून नेला.

गावातली म्हातारी वापरत होती, पण ते मी तिला सांगितलं नाही.

काय झालं असणार, ते मला तेव्हा कळलं. जुनी बाई बोलून झाली की फोन आपण होऊन तोडायची. अकरा वर्षांची सवय. आईनं फोन कानाला लावून बाईचं बोलणं संपायची वाट बघायची, मग फोन ठेवायचा. नव्या बाईचं बोलणं संपलं तरी फोन तुटत नव्हता. सूर वाजत होता आणि आई वाट बघत होती. रोज मिनिट, दोन मिनिटं, परदेशी कॉलच्या दरानं. तिच्या सिमवर महिन्याचा पॅक नव्हता, नुसता टॉकटाइम. कोणीतरी कधीतरी भरून द्यायचं आणि तो महिनोन्‌महिने पुरायचा, कारण ती बोलतच नव्हती. आठवडाभरात तो संपला असणार. ही माझी अटकळ होती. चूक निघावी असं फार वाटत होतं.

त्याच आठवड्यात मी आणखी एक केलं. तेवीस जणांचं व्हॉइसमेल बंद करायचं होतं. सर्क्युलर काढून कोड कळवता आला असता. पण मी एकेकाला भेटायचं ठरवलं आणि कोड दाबायच्या आधी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा. तुमच्या मिस्ड कॉलचा अर्थ काय?

पहिल्यानं संशयानं बघितलं. दुसरा हसला. नंतर मात्र माणसं आपण होऊन सांगायला लागली, ज्यांचे नंबर नवे होते तेसुद्धा. एकाचे वडील आंधळे, ते देवळातून परत आले की एक रिंग. एकाची मुलगी एसटीनं कॉलेजला जाते, पोचली की एक, परत आली की एक. आमच्या अल क्वोजच्या गोडाऊनमधल्या एका माणसाची बायको डायलिसिसला जाते. सुई लागली की एक रिंग, निघाली की दोन. हे तो अगदी सहज सांगत होता. रास अल खोरच्या बाजारातून माल आणणारा आमचा ड्रायव्हर म्हणाला,

“मॅडम, माझी एक रिंग म्हणजे बायको रागावली. दोन म्हणजे जास्त रागावली.”

“आणि उचलला तर?”

“उचलत नाही ना, म्हणून तर संसार टिकलाय.”

बाजूचे सगळे हसले, मीही हसले. मग त्यानं आवाज उतरवून सांगितलं की तिला झटके येतात, आणि रागावली हा त्यांचा आपसातला शब्द आहे. गाडी चालवताना तो फोन बंद ठेवतो, थांबल्यावर दोन रिंग दिसल्या की माल टाकून घरी फोन लावतो. गेल्या आठवड्यात आल्या नव्हत्या, म्हणून तो समजत होता ती बरी आहे. बरी होती. मी त्याच्यासमोर कोड दाबला, माझ्या फोनवरून त्याला लावून बघितलं, मेसेज आला तेव्हाच उठले.

त्या तेवीस उत्तरांची यादी मी केली नाही. वही उघडी होती, पेन हातात होतं. दुसऱ्याच्या घरात वाकून बघितल्यासारखं वाटलं. फक्त नावापुढं टिक केल्या.

भट्टीवरचा तो माणूस पाच आठवड्यांनी परत आला. तोवर त्याच्याशी तीन-चारदा बोलणं झालं होतं, रजा वाढवायची, विम्याचे कागद, एवढंच. आईचं ऑपरेशन झालं होतं. तिला बहिणीकडे तालुक्याच्या गावी हलवलं होतं. ती चालेल की नाही हे डॉक्टर नक्की सांगत नव्हते. गावातलं घर बंद केलं होतं.

परत रुजू होण्याचा फॉर्म भरायला तो विमानतळावरून थेट ऑफिसात आला, बॅग हातात. चपला दारात काढल्या. मी दार लावून घेतलं. बसा म्हटलं आणि या वेळी तो बसेपर्यंत थांबले. पाच आठवडे मी मनात ठरवत होते की हे त्याला सांगायचं. काय सांगायचं ते कागदावरही लिहून काढलं होतं, पण तो कागद समोर घ्यायला लाज वाटली.

आधी मीच विचारलं, त्या दिवशी आईजवळ फोन होता का?

होता, म्हणाला. कमरेच्या पिशवीत. पडल्यावर तिनं वहिनींना लावला. अंगणापलीकडचं घर. लागला नाही. बॅलन्स नव्हता, तशी सूचना वाजली. आईला सूचना म्हणजे काय कळतं? तिला वाटलं, परत बाई आली.

मग त्यानं आईचे शब्द सांगितले. सांगताना तो भिंतीवरच्या सुट्ट्यांच्या तक्त्याकडे बघत होता.

“तिका मी सांगलंय, बाये, मी पडलंय, कोणाक तरी धाड. ती आपला बोलान गेली.”

 एसीचा आवाज येत होता. बाहेर फोर्कलिफ्ट मागं येताना वाजते तशी वाजत होती. मग मी सांगितलं. बुधवारी तुम्ही मला सांगितलंत. मी लिहून घेतलं आणि खाली ठेवलं. पुढच्या मंगळवारी बघितलं. एक कोड दाबायचा होता. बुधवारी दाबला असता तर आईचा बॅलन्स शिल्लक राहिला असता, आणि सोमवारी दहाला तुम्हाला कळलंही असतं. नेटवर्कचं काय चुकलं ते वेगळं, पण हे माझं.

मला वाटलं होतं तो म्हणेल, जाऊ द्या मॅडम. किंवा गप्प बसेल. किंवा, आणि त्याचीही मी तयारी ठेवली होती, मोठ्यानं बोलेल.

तो म्हणाला, “कोड मला माहीत होता.”

मला नीट कळलं नाही.

“रूममधल्या एकानं गुरुवारीच सांगितला होता. त्याच्या आधीच्या कंपनीत पण असंच झालेलं. हा दाब, बंद होईल म्हणाला. मी आकडे लिहून पण घेतले.”

“मग?”

“मग नाही दाबला. म्हटलं, मॅडमनी लिहून घेतलंय. ऑफिसनं काम हातात घेतलंय आणि आपण मधेच फोनात काही केलं, तर तुमचं काहीतरी बिघडेल. कंपनीचं सिम.” मग म्हणाला, “वहिनींना पण त्यामुळेच फोन केला नाही नंतर. तुम्ही लिहून घेतलंत म्हणून मी निर्धास्त झालो.”

हे त्यानं मला टोचायला म्हटलं नव्हतं. टोचणी असती तर मला ती घेता आली असती. तो हिशोब आपल्या बाजूनं मांडत होता, जसा मी माझ्या बाजूनं मांडला होता. पाच आठवडे आम्ही दोघं एकाच सोमवारकडे दोन टोकांनी बघत होतो, आणि प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्याला काही ठाऊक नाही.

मी म्हटलं, तुम्ही दाबला असतात तर काहीच बिघडलं नसतं. म्हटल्यावर लक्षात आलं की हे ऐकून त्याला बरं वाटण्यासारखं यात काही नाही. उलट आहे. तो म्हणाला, हो, ते आता कळलं.

घरी काय सांगितलंत, मी विचारलं. घरी सगळे नेटवर्कला शिव्या देतात, म्हणाला. बहीण देते, वहिनी देतात. मी पण देतो. आई त्या बाईला देते. मग माझ्याकडे न बघता, “तुम्ही पण तेच सांगा कोणी विचारलं तर. दोघांचं राहू दे इथंच.”

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. त्यानं फॉर्म ओढून घेतला आणि विचारलं, सही कुठं करू. मी बोट ठेवलं, तिथं त्यानं केली. सावकाश, पूर्ण नाव.

वर्ष झालं त्याला. या मार्चमध्ये तो काम सोडून कायमचा गावी गेला. आई आता वॉकर धरून पडवीपर्यंत येते, आणि त्यानं बंद घर उघडलं आहे. त्याचे व्हिसा रद्द करायचे कागद मी त्यानं सांगितलं त्याच दिवशी, त्याच तासात घेतले. एकट्याचेच पाठवले, बाकीच्यांसाठी थांबले नाही. विमानतळाकडे निघण्याआधी तो निरोपाला आला तेव्हा मी हे सगळं कधीतरी लिहू का म्हणून विचारलं. दोघांचं इथंच राहू दे असं तो म्हणाला होता, ते मी विसरले नव्हते.

त्यानं थोडा विचार केला. लिहा, म्हणाला. पण दोघांचंही लिहा. एकट्या नेटवर्कचं नको, आणि एकट्या तुमचं पण नको.